वाळूचे आणि पाण्याचे रंग

लिफ्टचं दार मिटता मिटता खालच्या मजल्यावरची शेजारीण आत घुसली. मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "मास्तर, आज एक पाय गवतात आणि एक पाय चिखलात?" मास्तरांनी खाली पाहिलं. पँट धुवून धुवून आखूड झाली होती, त्यामुळे मोजे वीतभर तरी दिसत होते. मास्तरांच्या बायकोनेही पाहिलं, आणि इतकं रोखून पाहिलं, की जणू ते पाय कुणा परक्याचे असावेत आणि आत्ता पळून जाणार असावेत. दोन मोजे. दोन्ही एकाच मळकट रंगाचे. "अहो, एक हिरवा आणि एक तपकिरी," शेजारणीने लहान मुलांना समजवावं तसं समजावलं. मास्तर म्हणाले, "हल्ली हीच फॅशन आहे." शेजारीण पोट धरून हसली आणि लिफ्ट खाली पोचली. एवढंच झालं. पण दारातून बाहेर पडताना मास्तरांचा चेहरा बायकोने पाहिला. त्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला होता. इतकं मात्र तिला अजून दिसत होतं.

मास्तरांना लाल, हिरवा, तपकिरी यांतला फरक जन्मापासून कळत नव्हता. गुलाबी आणि राखाडी त्यांना एक, जांभळा आणि निळा एक. ही गोष्ट जगात फक्त दोघांना ठाऊक होती, त्यांना आणि तिला. पोटच्या मुलालासुद्धा सांगितलेली नव्हती. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या प्रत्येक कपड्याला आतून, कुणाला दिसणार नाही अशा जागी, दोऱ्याच्या बारीक गाठी मारत आली होती. शर्टाला कॉलरच्या आत मानेपाशी, पँटला पट्ट्याच्या आत, मोज्यांना बोटांपाशी. एक गाठ पांढऱ्याची, दोन निळ्याची, तिरकी एक हिरव्याची, एकमेकींना चिकटून दोन तपकिरीची. मास्तर रोज सकाळी कपाटापाशी उभे राहायचे आणि अंगठा फिरवून कपडे निवडायचे. दाराला कुलूप लागलं की नाही हे माणूस ओढून बघतो, तितक्याच सहज. म्हणजे आज सकाळी त्यांनी मोज्यांची जोडी अंगठ्याने बरोबरच लावली होती. चूक गाठींची होती. हिरव्या मोज्याला तिने तपकिरीच्या गाठी मारल्या होत्या. औषधांच्या दुकानापर्यंत ते तिच्याशेजारून चालत गेले, हवा बरी आहे म्हणाले, परत येताना पाव घ्यायचा आहे म्हणाले, आणि मोज्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. न बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ती मात्र मनात एकच घोकत होती: आता हे विचारतील. आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही, आणि हे तिला विचारण्यापेक्षा वाईट वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती आधीच एकटी जाऊन आली होती. मैत्रिणीकडे जाते असं घरात सांगून. डोळ्यामागचा पडदा झिजत चालला आहे, डॉक्टर म्हणाला, नजर एकदम जाणार नाही, तुमच्या बाबतीत आधी रंग फिके होतील. पुढच्या वेळी घरचं कुणीतरी बरोबर आणा. तिने मान डोलावली, चष्मा पर्समध्ये टाकला आणि रस्त्यावर येऊन उभी राहिली. समोरची बस कोणत्या रंगाची आहे हे तिला कळेना. बस आहे, मोठी आहे, थांबली आहे, एवढं कळलं. तिला हसू आलं. आयुष्य रिळांच्या आणि बटणांच्या दुकानात काढलं होतं तिने. बायका कापडाचा नखाएवढा तुकडा घेऊन यायच्या, म्हणायच्या, बाई, याला जुळणारा दोरा द्या. ती तुकडा दारातल्या उजेडात धरायची आणि मागे न बघता बरोबर त्याच खणात हात घालायची. नुसत्या पांढऱ्यातच तिला किती पांढरे दिसायचे. दुधाचा पांढरा, खडूचा पांढरा, जुन्या पत्राचा पांढरा, दाताचा पांढरा. मालक म्हणायचा, या बाईचा डोळा गेला तर मला दुकान बंद करावं लागेल. दुकान मालकाच्या मुलाने कधीच विकलं. डोळा आत्ता जायला निघाला होता.

मास्तर तिला भेटले तेही त्या दुकानात. तरुण, उंच, राखाडी कोट, कोटाचं एक बटण तुटलेलं. शाळेत भूगोल शिकवायचे. मी स्वतःच निवडतो म्हणाले, बराच वेळ खणांसमोर उभे राहिले, आणि गुलाबी रीळ घेऊन आले. तिला वाटलं, गंमत करतोय हा माणूस, आपल्याशी बोलायला निमित्त काढतोय. तिने मुकाट्याने पैसे घेतले. आठवड्याने ते पुन्हा आले तेव्हा राखाडी कोटावर बटण गुलाबी दोऱ्याने लावलेलं होतं, अगदी नेटकं, चारही भोकांतून. ती खो खो हसली. आणि मग तिने त्यांचा चेहरा पाहिला. तोच चेहरा, जो तिने लिफ्टमधून उतरताना पाहिला. त्या दिवशी तिने काउंटरवरून हात पुढे करून कोट मागून घेतला, बटण उसवलं, राखाडी दोऱ्याने पुन्हा लावलं आणि एक शब्द बोलली नाही. लग्न त्या न बोलण्यावर ठरलं असं ती पुढे म्हणायची. मास्तर म्हणायचे, छे, बटणावर ठरलं. पण एक गोष्ट तिने पहिल्या वर्षातच ओळखली. हा माणूस कुठल्याच रंगाचं नाव स्वतःच्या तोंडाने घेत नसे. नकाशा शिकवतानासुद्धा जंगल म्हणे, डोंगर म्हणे, पाणी म्हणे. हिरवं, तपकिरी, निळं कधीच नाही. निळा त्यांना दिसायचा, चांगला दिसायचा, पण तो जांभळा निघाला तर, या धास्तीने तोही जिभेवर येत नसे. त्याऐवजी कपडे घालून झाले, की आरशासमोर उभे राहून ते तिला विचारायचे, "कोणता?" गाठींनी सांगितलेलं असायचं, तरी विचारायचे. आणि ती सांगायची, खडूचा पांढरा. किंवा, शाईत भरपूर पाणी घातलं की होतो तो निळा. ऐकताना मास्तर डोळे मिटत असत.

मोज्यांच्या प्रकरणाला आठवडा झाला नाही तोच वन्संच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली. मास्तरांची धाकटी बहीण, तिला उशिरा झालेला एकुलता एक मुलगा. लग्न समुद्रकिनाऱ्यावर, उतरत्या दुपारी. पत्रिकेत खाली लिहिलं होतं, पाहुण्यांनी वाळूचे आणि पाण्याचेच रंग घालावेत. लाल, हिरवा आणि त्यांच्या घरातला कुठलाही रंग नको. पुरुषांनी कोट-टाय नको, सैल सुती शर्ट, हलक्या पँट, पायांत वाळूत चालेल असं काहीही. तिने पत्रिका मास्तरांना वाचून दाखवली तेव्हा "त्यांच्या घरातला" या शब्दांपाशी तिचा आवाज अडखळला. मास्तर म्हणाले, बरं. त्याच संध्याकाळी वन्संचा फोन. नवी सून दातांची डॉक्टर आहे, दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालते आणि घरी येऊन आमच्या कपाटात, असं म्हणून त्या हसल्या. रंगांच्या बाबतीत फार चिकट आहे हो, माझी मरून साडी तिने सरळ बाजूला काढली. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "वहिनी, दादाला नीट काहीतरी घाला. सगळे फोटो समुद्रासमोर निघणार आहेत. आणि कोरड्याला सांगा, लग्न वाळूवर आहे, पाण्यात नाही. घाबरू नको म्हणावं."

कोरडा हे नाव मास्तरांना त्यांच्या वडिलांनी ठेवलं होतं. वडील बंदरात मोठ्या बोटी आत आणायचे. मुलाने त्याहून मोठं व्हावं, बोटीवर अधिकारी व्हावं, हे त्यांनी मुलगा पाळण्यात असतानाच ठरवलेलं. भरतीच्या तपासणीत एका काळोख्या खोलीत मुलाला बसवलं आणि लांबवर दिवे लावले, एक, मग दुसरा, मग दोन्ही. मुलगा सांगत गेला आणि डॉक्टर गप्प होत गेला. शेवटी दार उघडून म्हणाला, पोरा, यात तुझा दोष नाही, हे आईकडून येतं. मुलगा घरी आला आणि वडिलांना म्हणाला, मला बोटीवर जायचं नाही, मला पाण्याची भीती वाटते. ज्याला पाण्याची भीती त्याने माझ्या घरात पाणी मागू नये, वडील म्हणाले, आणि मरेपर्यंत त्यांच्याशी नीट बोलले नाहीत. आई बिचारी दोघांच्या मधे ताटं वाढत राहिली. आपल्याकडून मुलाला काय गेलं आणि मुलाने ते कसं पोटात घातलं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला कळू नये, आणि नवऱ्याने तिला उभ्या जन्मात त्यावरून टोचू नये, एवढ्यासाठीच तर मास्तर घाबरट झाले होते. आता दोघंही गेले, आता सांगायला काय हरकत आहे, असं बायकोने त्यांना एकदा विचारलं होतं. मास्तर म्हणाले होते, "गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. त्याला तर बोल लागूच नये." आणि वन्संच्या तोंडाला कुलूप नव्हतं. आईच्या नावाने त्या सगळ्या गोतावळ्यात काय पसरवतील याचा नेम नव्हता. मास्तर त्या किनाऱ्यावर, समुद्रासमोर, सगळ्या निळ्या-पिवळ्या माणसांत एकटे भलत्याच रंगात उभे आहेत, वन्सं कपाळाला आठ्या घालून बघताहेत, विचारताहेत, दादा, पत्रिका वाचली नाहीस का, हे चित्र तिला दिवसा दिसू लागलं. आणि दुसरा रस्ता होता तो आणखी अवघड. मला दिसत नाही असं मास्तरांना सांगायचं, म्हणजे उद्यापासून गाठी मारायला तिसरं माणूस आणायचं. एवढी वर्षं या दोन खोल्यांत राखलेली गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची.

म्हणून ती दुकानात एकटीच गेली. पुरुषांच्या कपड्यांचा मजला, थंडगार, संगीत चालू. हातांनी निवडायला ती कुणाला हार जाणार नव्हती. खरं सुती कापड बोटांत घेताच ओळखलं, शिवण उलटून पाहिली, काजं तपासली. रंगापाशी गाडं अडलं. दुकानातल्या मुलीला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, हा कोणता म्हणायचा? मुलीने चिठ्ठी वाचून सांगितलं, शिंपला. आणि हा? धुकं. आणि हा? पहाट. हल्ली रंगांना रंगांची नावं उरली नव्हती. पहाट कोणत्या रंगाची, बाळ, असं विचारावंसं वाटलं, पण मुलगी तिच्याकडे जरा जास्तच कनवाळूपणे बघू लागली होती. तिने तिन्ही शर्ट घेतले, एक पँट घेतली, आणि घरी येईपर्यंत कोणता शर्ट शिंपला आणि कोणता धुकं हे विसरून गेली.

दुपारी तिने ते पलंगावर पसरले. खिडकीपाशी नेले. गॅलरीत नेले, उन्हात धरले, सावलीत धरले. तीन शर्ट, तिन्ही एकाच चहाच्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखे. मग तिला युक्ती सुचली. ज्यांचे रंग जगाने ठरवून दिलेले आहेत अशा वस्तू शेजारी ठेवायच्या. स्वयंपाकघरातून तिने लिंबू आणलं, टोमॅटो आणला, मास्तरांच्या टेबलावरची शाईची बाटली आणली, आणि कपाटातून त्यांचा जुना आकाशी शर्ट काढला, ज्याच्या दोन गाठी तिने डोळे धड असताना मारल्या होत्या. सगळं ओळीने मांडलं. दुकान मांडून बसल्यासारखी ती पलंगापुढे उभी राहिली आणि वाट बघू लागली. लिंबू लिंबू आहे हे तिला कळत होतं, टोमॅटो टोमॅटो आहे हे कळत होतं, पण ते आकारावरून. बाजूच्या खोलीत मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नव्हता. भिंतीपलीकडे तेही ऐकताहेत, ती ऐकतेय हे ऐकताहेत, असं वाटून तिने हातातला टोमॅटो आवाज न करता खाली ठेवला. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

वन्संची होणारी सून होती. या बाजूला आले होते, म्हटलं मामा-मामींचे कपडे बघून जावं, म्हणाली. बारीक चणीची, चष्मा केसांत खोचलेला, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. मास्तरांनी तिचं स्वागत केलं, माझे उरलेले दात मोजायला आलीस का, म्हणाले, आणि कुणी सांगायच्या आधीच चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. मुलगी सरळ पलंगापाशी आली. लिंबाकडे, टोमॅटोकडे, शाईच्या बाटलीकडे तिने पाहिलं आणि काही विचारलं नाही.  मास्तरांची बायको भराभर बोलत सुटली, हे जरा आवरायचं राहिलं, स्वयंपाकघरात जागा नाही, हा शर्ट जुना आहे, हा घालायचा नाहीये, हा नुसता मापाला काढलाय. मुलीने तोच जुना शर्ट उचलला होता. घडी घालावी म्हणून तिने कॉलर दोन बोटांत धरली, आणि तिचा अंगठा आत थांबला. थोडा पुढे गेला, मागे आला. ज्या बोटांना दातावरची खरखर डोळ्यांआधी कळते, तीच ही बोटं. खुंटीवरची मास्तरांची पँटही तिने पट्ट्याच्या आत चाचपून पाहिली. मग स्वयंपाकघराच्या दिशेने एकदा बघून अगदी हळू म्हणाली, "मामांनाही का?"

 काय मामांनाही, असं म्हणायला मामीने तोंड उघडलं, पण तो "ही" तिच्या छातीत आधीच जाऊन बसला होता. मुलगी पलंगाच्या कडेवर टेकली आणि गुडघ्यांवर हात ठेवून, तिच्याकडे न बघता, सांगू लागली. होणाऱ्या नवऱ्यालाही तसंच आहे. तो शाळेत असताना त्याचं त्यालाच कळलं, पण आईला कधी सांगितलं नाही; माझ्या लेकरात शोधून खोट सापडायची नाही असं आई चारचौघांत म्हणते, तिचं तोंड उतरेल म्हणून. त्याच्या शर्टांची सगळ्यांत खालची बटणं ही वेगवेगळ्या टाक्यांनी लावते, आडवी, उभी, फुलीची. मुलीला वाटलं होतं, ही युक्ती जगात आपणच काढली. "सासूबाई म्हणतात, मी चिकट आहे," मुलगी म्हणाली. "मामी, लाल आणि हिरवं त्याला सगळं एकच चिखल दिसतं. निळं आणि पिवळं मात्र तुमच्या-माझ्याइतकंच दिसतं. त्याच्या लग्नात तरी त्याला सगळं दिसावं, एवढंच होतं माझं."

 तुमच्या-माझ्याइतकंच, हे शब्द मामीला टोचले आणि तरी गोड लागले. मग एक वेगळीच गोष्ट सावकाश तिच्या ध्यानात आली. आपल्या सासूबाईंकडून, मास्तरांच्या आईकडून. त्या दिव्यांच्या खोलीतला डॉक्टर म्हणाला होता तसंच. आईकडून वन्संकडे आलं, वन्संकडून मुलाकडे. एवढी वर्षं भावाला कोरडा म्हणणाऱ्या वन्संच्या स्वतःच्या अंगातून ते पुढे गेलं होतं. एक फोन पुरे होता. वन्सं, जरा बसून ऐका, एवढं म्हणायचं आणि सगळ्या कोरड्याचा हिशोब होणार होता. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं, तिने ते तिथे थोडा वेळ धरून ठेवलं, त्याची चव घेतली. स्वयंपाकघरात मास्तर चमचा ढवळत होते, हलक्या हाताने, कुणाची झोप मोडू नये तसे. तिने ते वाक्य गिळलं. एक माणूस आयुष्यभर एवढ्यासाठीच घाबरट राहिला होता, आणि त्याचा भाचा आत्ता आपल्या आईसाठी तेच करत होता. मधे बोलणारी ती कोण?

मुलीने तिन्ही नवे शर्ट एकेक करून उचलले. हा वाळूचा, म्हणाली. हा निळा, छान आहे. तिसऱ्यापाशी ती थांबली. त्या थांबण्यात तिने एकदा लिंबाकडे पाहिलं, एकदा टोमॅटोकडे, आणि मग म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांकडे, आत, डॉक्टर बघतात तसं. "हा गुलाबी आहे, मामी. मी बदलून आणते," म्हणाली. आणि तो शर्ट आपल्या पिशवीत टाकला.  नव्या शर्टांना गाठी मी मारू का, मुलीने विचारलं. नको, ती म्हणाली, निळ्याला दोन, मीच मारते. तू फक्त सुई ओवून दे.

चहा झाला, मुलगी गेली. मास्तरांनी कप आत नेऊन ठेवले आणि खोलीत आले तेव्हा ती पलंगावर बसून निळ्या शर्टाची कॉलर डोळ्यांच्या अगदी जवळ धरून दुसरी गाठ आवळत होती. ते दारात उभे होते हे तिला श्वासावरून कळलं. तिने दोरा दातांनी तोडला. मास्तरांनी हात पुढे केला, शर्ट घेतला, घातला. कॉलर मानेवर बसली तशी त्यांनी मान जरा वळवली आणि म्हणाले, "गाठी मोठ्या झाल्यात तुझ्या. बरेच दिवस झाले. पूर्वी मानेला लागायच्या नाहीत." तिने सुई रिळात खोचली. "लागतात तर लागू देत," ते म्हणाले, "तेवढीच आठवण." मोज्यांच्या दिवसापासून नव्हे, त्याच्याही आधीपासून यांना ठाऊक होतं. आणि त्यांनीही ते गिळलं होतं, नेहमीसारखं, आवाज न करता.

ते आरशासमोर जाऊन उभे राहिले. एकेक बटण लावलं. तिला आरशात एक उंच आकार दिसत होता, खांदे जरा वाकलेले, वर पांढरे केस, आणि खाली काहीतरी फिकट, ज्याला नाव नव्हतं. आता ते विचारतील, तिला वाटलं, आणि मुलीने सांगितलं आहे म्हणून मी बरोबर सांगेनही, पण ते माझं नसेल. "कोणता?" मास्तरांनी विचारलं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिने मांडीवर ठेवलेले हात एकमेकांत गुंतवले. "मला दिसत नाही हो," ती म्हणाली.

मास्तर आरशाकडे बघत राहिले. खूप वेळ, खणांसमोर एकदा उभे राहिले होते तसे. स्वयंपाकघरातून त्यांनी मुलीचं बोलणं ऐकलं होतं का, हे तिने त्या वेळी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. त्यांचा हात मानेपाशी गेला आणि गाठींना न लागता परत खाली आला. मग ते तिच्याजवळ येऊन बसले, शर्टाची बाही तिच्या हातात दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, जरा अडखळत, चुकलं तर चुकलं अशा आवाजात म्हणाले,

"निळा आहे. शाईत भरपूर पाणी घातलं की होतो तो."

तिने डोळे मिटून घेतले.